एका आळ्यात चार दाणे

चाळीस वर्षं लिस्बनच्या लिफ्टा दुरुस्त केल्या मी.
माणसं वर गेली, खाली आली,
मी मधेच, दोन मजल्यांच्या फटीत, ग्रीसने काळा.
तळमजल्याच्या खाली काय असतं, मला विचारा:
एक चौकोनी खड्डा, त्यात सांडलेलं तेल,
कुणाकुणाच्या हातून निसटलेल्या किल्ल्या,
चिल्लर, एकदा लग्नाची अंगठी.
माती कधी लागली नाही.

इल्दा गेली, तिच्यामागोमाग झोप गेली.
डॉक्टरांनी गोळी दिली, अर्धी, मग आख्खी,
मग म्हणाले, सेन्योर आदेलिनो, जरा चालत जा.
कुठे? माझ्या सातव्या मजल्यावरून
दिसतो तो रिंगरोड,
आणि त्याच्या उतारावर, पहाटे साडेपाचला,
डोक्याला बॅटरी बांधून उकरत बसलेलं कुणीतरी.

आधी वाटलं, चोर.
मग वाटलं, काहीतरी पुरतंय.
पुरतच होती. मका.

फिर्मिना तिचं नाव. केप व्हर्देच्या बेटावरची,
जिथे पाऊस, ती सांगते,
उंबऱ्यावरूनच परत फिरतो.
रात्रभर बँकेचे अकरा मजले पुसते
आणि घराच्या दोन थांबे आधीच उतरते, इथे.
"कंबर दुखत नाही?"
"दुखते ना. तिथे पगारापुरती दुखते.
इथली कळ माझी."
एवढं बोलून तिने कुदळ माझ्या हातात दिली,
मी नवख्या पोराला पान्हा द्यायचो तशी,
तोंडाकडे न बघता.

एका आळ्यात चार दाणे:
दोन मक्याचे, दोन घेवड्याचे.
मका उभा राहतो, घेवडा त्याला धरून चढतो.
म्हटलं, म्हणजे लिफ्टच की ही.
ती हसली नाही.
नंतर, बाटल्यांत पाणी भरताना, एकटीच हसली.

हाताला फोड आले, फुटले, घट्टे झाले.
आयुष्यभर ग्रीस घासून घासून काढलं,
ही माती नखांत राहू दिली.
बेकरीवाली म्हणाली, अहो, नखं बघा.
बघितली.
पाव त्याच हाताने घेतला.

गोळीचं विचाराल तर, बंद केली असं नाही.
एका रात्री विसरलो,
ते आठवलं दुसऱ्या दिवशी दुपारी,
वाफ्यात, गुडघ्यावर असताना.
रविवारी अजून घेतो अर्धी. रविवार लांब असतो.

आता आम्ही पाच-सहा जण.
तेल्मा आहे, तिसऱ्या मजल्यावरची, जी कुणाशी बोलत नाही,
पिशवीभर अंड्यांची टरफलं ठेवून निघून जाते.
खगेंद्र आहे, नेपाळचा, घरोघर जेवण पोचवतो,
सायकल आडवी टाकून आधी आपल्या राईची पानं मोजतो.
कुणालाच कुणाची भाषा धड येत नाही,
गोगलगाईंना मात्र शिव्या चारी भाषांत.

मार्चात महापालिकेची दोन पोरं आली, टेप घेऊन.
आता इथे नळ येणार, कुंपण येणार, नंबर येणार.
ऊस काढा म्हणाली, उंची नियमात बसत नाही.
फिर्मिनाने स्वतः तोडला, एकेक पेर करून वाटला,
त्या दोघांनाही दिला.
अर्जाला पत्त्याचा पुरावा हवा होता.
तिची खोली कुणाच्या तरी खोलीतली खोली.
मी माझा पत्ता दिला, सातवा मजला, डावीकडे.
प्लॉट एकोणीस: कागद माझ्या नावाचा,
किल्ली तिच्या गळ्यात, दोरीत.
खड्ड्यातून किती किल्ल्या काढल्या मी लोकांच्या,
बंद दार त्यातलं एकही बघितलं नव्हतं
उघडताना.

काल रात्री तिने पातेलं चढवलं,
मका, घेवडा, कोबी, डुकराच्या मांसाचा तुकडा.
रात्रभर मंद शिजत राहतं ते,
आणि आपण जागे असलो तर
ते जागं राहणं त्याच्यासाठी असतं.

आज सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा अडकली.
शेजारी माझ्या दाराची बेल वाजवत राहिले,
मग कुणीतरी जिन्याच्या खिडकीतून हाक मारली, आदेलिनो!
मी हात वर केला, चिखलाचा.
आलो म्हटलं.
एवढी एक ओळ भिजवून होऊ दे.